मारुतीला आठवण देणारं गाव

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. शेगावला गेला होतात का? आणि लोणारचं सरोवर पाहिलंत का? दोन्हींचं उत्तर नाही. आम्ही गेलो होतो मेहकर तालुक्यातल्या एका लहान गावी, जानेफळ आणि डोणगाव यांच्या मधल्या टापूत, तिथल्या वेशीवरच्या मारुतीला तेल घालायला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या मारुतीवरून तिथे अजून धुसफूस चालू आहे, आणि माझे थोरले दीर मला आधीच अतिशहाणी समजतात, त्यात भर नको.

तेल मला घालायचं नव्हतं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि देवाच्या वाटेला फारशी गेले नाही. तेल घालायचं होतं ह्यांना. माझे यजमान, मधुकर. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि चार वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग घराकडे यायचा रस्ता, मग मित्र, मग आमचा मुलगा. गेल्या दिवाळीपासून मी. मला ते आता 'बाई' म्हणतात, तेही अदबीने, बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईशी बोलावं तसं.

लग्न झालं तेव्हा ह्यांच्या 'मले-तुले'ला आमच्या माहेरी सगळे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांत ह्यांनी ती वऱ्हाडी अशी टाकली की ऑफिसात लोक ह्यांना सदाशिव पेठेतले समजत. आता झालंय उलटं. पुण्याची भाषा पुसून गेली आणि खालून वऱ्हाडी जशीच्या तशी वर आली. माझ्याबरोबरचा सगळा संसार ज्या भाषेत झाला, तीच ह्यांना कळेनाशी झाली. आणि ह्या परत आलेल्या बोलीत एक वाक्य रोज पहाटे: "मारुतीले तेल घालाचं राह्यलं." असं म्हणत कडी काढून बाहेर निघायचे. मी मागे धावायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नवीन जागी नेऊ नका, गोंधळ वाढेल, आणि आशा तर धरूच नका. मी मान हलवली आणि घरी येऊन बसची तिकिटं काढली. बुडत्याला काडीचा आधार, असं मी वर्गात मुलांना ऐकवत असे. काडी धरताना आपण किती वेडे दिसतो हे तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच हवं होतं: त्या देवळात, स्वतःच्या मारुतीसमोर उभं राहिल्यावर ह्यांच्या डोक्यातला एखादा दिवा लागावा आणि ह्यांनी मला एकदा नावाने हाक मारावी. एकदाच.

शुक्रवार, मेहकर

मेहकरच्या स्टँडवर सकाळी उतरलो. माघ उतरणीला लागला होता, हवेत अजून गारवा होता. मी पाण्याची बाटली घ्यायला वळले, आणि पाहते तर हे नाहीत.

पाच मिनिटं मी स्टँडभर धावत होते. मग दिसले. बुलढाण्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते आणि कंडक्टरशी गप्पा मारत होते. मी दारातून ऐकत राहिले. हरभऱ्यावर घाटेअळी पडली, तूर बरी झाली, बियाण्याच्या कांद्याला अवकाळी लागला नाही म्हणजे मिळवली. ह्यांनी विचारावं, कंडक्टरने सांगावं. "पानी हाये ना विहिरीले?" "हाव ना काका, यंदा हाये." कुठेही अडखळणं नाही, कुठेही चूक नाही. कंडक्टरला शंकाही आली नाही. मी पुढे होऊन दंड धरला तर हे त्याच्याकडे वळून हळूच म्हणाले, "ह्या बाई कोन व्हय? कवाच्या मांगं लागल्या."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं. तो खाली उतरून आला, ह्यांना हात देऊन उतरवलं आणि जानेफळच्या गाडीपर्यंत सोडायला आला. "माह्या आईचं असंच होतं," एवढंच बोलला. जगातल्या कुणाशीही हे दहा मिनिटं छान बोलू शकतात, फक्त माझ्याशी नाही, याचा मला त्या कंडक्टरसमोर राग आला. आजाऱ्यावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी चार दिवस माझ्या घरी येऊन राहावं.

शुक्रवार, गावात

गाडी फाट्यावर सोडते. तिथून गाव पाऊण कोस. दोन्ही बाजूंना बियाण्याच्या कांद्याची वावरं होती, गोल पांढरे गोंडे आणि त्यांवर मधमाश्यांचा नुसता गजर. हे त्या रस्त्यावर माझ्यापुढे चालत होते, न विचारता, न थांबता, डाव्या हाताच्या वळणावर डावीकडे. पायांना सगळं पाठ होतं. मला वाटलं, पायांना आहे तर डोक्यालाही असेल.

थोरले दीर, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ओसरीवर उभे होते. हे समोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "राम राम पाटील. घरचे सगळे मजेत?"

नानांनी राम राम घातला. मग डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकली, पुन्हा घातली. फोनवर मी सगळं सांगितलेलं होतं, पण सांगणं वेगळं.

जाऊबाईंनी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी वाढली. आमच्याकडे जवस खायचं ते डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी सांगितलं म्हणून. इथे आवडतं म्हणून खातात. हे पोटभर जेवले आणि जाऊबाईंना म्हणाले, "भाकर लय चांगली झाली, माय." मी इतकी वर्षं जेवायला घालतेय, मला एकदाही असं म्हणाले नाहीत. मी जाऊबाईंवर जळले. सासरी येऊन जावेवर जळायला मला सत्तरी उजाडावी लागली.

संध्याकाळी हे ओसरीवर डुलक्या घेत असताना नानांनी मला त्या मारुतीची हकीगत सांगितली.

मारुतीची कथा सर्वांना ठाऊक असते, पण तुकड्यातुकड्यांनी. लहानपणी तो फार उपद्व्यापी होता. उगवत्या सूर्याला फळ समजून त्याने झेप घेतली हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. ऋषींच्या आश्रमांत जाऊन तो त्यांची वल्कलं फाडायचा, यज्ञाची भांडी उलथायचा. शेवटी ऋषींनी शाप दिला: तुझं बळ तू विसरशील. कुणी आठवण करून दिली तरच आठवेल. म्हणून समुद्राकाठी सगळी वानरसेना हताश बसली होती तेव्हा हाही गप्प एका कडेला बसला होता. जांबुवंताने जवळ जाऊन सांगितलं, अरे, तू कोण आहेस! तेव्हा तो वाढला आणि उडाला.

आमच्याकडे ही गोष्ट कीर्तनात ऐकतात आणि घरी जातात. ह्या गावाने ती मनावर घेतली. शाप उठला असं कुठे लिहिलंय का, असा गावाचा सवाल. नाही ना? मग तो अजूनही विसरत असणार. म्हणून दर शनिवारी तेल घालण्याआधी त्याला 'आठवण द्यायची'. तू कोण, कुणाचा, काय काय केलंस, हे समोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, आणि मगच तेल. हे काम आमच्या सासरच्या घराण्याकडे. मामंजी देत, मग नाना, आणि नाना शिकायला बाहेरगावी होते ती तीन वर्षं हे.

"न सांगता तेल घातलं तर काय होतं?" मी विचारलं.

"काई नाई होत," नाना म्हणाले. "तेल वाया जाते. त्याले मालूमच नाई आपन मारुती हाओत, तं तो तेल घेईन काऊन?"

पुण्यात आम्ही मारुतीला जिलब्या, भांग्या अशी नावं ठेवतो आणि स्वतःला फार मिश्कील समजतो. इथे तो विसरतो म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर आठवड्याला त्याच्यासमोर उभी राहतात. मला ते ऐकून गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग नाना मुख्य गोष्टीवर आले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात पूजा चालू असताना मारुतीच्या खांद्यापासून भेग गेली आणि अंगावरचा सगळा शेंदूर एकदम खाली आला. कवच सोडलं, असं म्हणतात. जाऊबाई मधेच म्हणाल्या, "सीतामाईनं एक बोट शेंदूर भांगात भरला. यानं इचारलं, काऊन? ती म्हने, रामाचं आयुष्य वाढते. यानं म्हटलं, एका बोटानं वाढते तं मी आंगभर लावतो. तवापासून लोक लावतेत. कितीक वर्साचे थर होते, कांद्यावानी." ते कवच कापडात बांधून, वाजतगाजत नेऊन पैनगंगेत सोडलं.

"अन् आत?" मी म्हटलं.

नानांनी आधी वरचं रूप सांगितलं. गावाचा मारुती हा वीर मारुती, अशी सगळ्यांची समजूत. उजवा हात थप्पड उगारलेला, डावा पाय पनवतीच्या छातीवर. ती पनवती म्हणजे आपल्यामागची साडेसाती. शेंदराच्या त्या अवाढव्य आकारात सगळ्यांना तो उगारलेला हात दिसायचा. आत निघाला हातभर उंचीचा दास मारुती. बारीक, मान थोडी खाली, दोन्ही हात जोडलेले. पायाखाली कुणी नाही.

"बापजाद्यायपासून ज्याले तापट समजून भेत आलो, तो हात जोडून उभा होता," नाना म्हणाले. अर्धं गाव म्हणालं, हा आपला नव्हे, नवी मूर्ती आणा. अर्धं म्हणालं, हाच खरा. भांडण अजून मिटलेलं नाही. तूर्तास ह्याच मूर्तीला शेंदूर लावतात, पातळ.

ह्यांच्या आठवणीतला मारुती तर हात उगारलेला असणार. "हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं तं तुम्ही आनलं नसतं त्याले," नाना म्हणाले. "मले भेटाचं होतं."

शनिवार, देऊळ

पहाटे हे माझ्याआधी उठले. तेच वाक्य. ह्या वेळी मी म्हणाले, "हो, चला, घालू या." हे इतके चकित झाले की माझ्याकडे नीट पाहिलं.

वेशीजवळचं देऊळ म्हणजे चार भिंती, वर पत्रे, पुढे पार. आवारात गोवऱ्या पेटवून पुरुषमंडळी रोडगे भाजत होती. कुणाचातरी नवस होता. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, आरात भाजून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. मारुतीच्या दारचा हा स्वयंपाक पुरुषच करतात, बायकांनी बसून खायचं. एरवी मी ह्या प्रथेवर एक टाळी दिली असती. बायकांनी उंबरठ्याच्या आत जायचं नाही, हीही प्रथा तिथलीच. तिला टाळी दिली नसती. मी उंबरठ्याबाहेर चौकटीला धरून उभी राहिले.

आत नाना आणि हे. रुईच्या पानांची माळ घातली, उडीद वाहिले. तेलाची वाटी नानांनी ह्यांच्या हातात दिली आणि स्वतः आठवण द्यायला लागले, पाठ केलेली, एका लयीत.

"मारुती, तू आयक. तू अंजनीचा लेक. वाऱ्याचा लेक. तू पाळन्यातून सूर्य पाह्यला—"

"फळ म्हून धावला," हे म्हणाले.

नाना थांबले. ह्यांनीच पुढे चालवलं. डोळे मिटलेले, आवाज चढता. "हनुवटीवर वज्र घेतलं. रडला नाई. तू समुद्र वलांडला. अशोकवनात सीतामाईले अंगठी देल्ली. लंका जाळली. लक्ष्मनासाठी पाला आनाले गेला, वळखू आला नाई, तं डोंगर उचलून आनला. हे तुनं केलं. दुसऱ्या कोनी नाई केलं. तू इसरला असशीन तं आमी हाओत. आता तेल घे."

एक शब्द चुकला नाही. आवारातली माणसं रोडगे सोडून उभी राहिली. नाना उघड रडत होते. मी चौकट इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. मला वाटलं, झालं. आता वळतील. वळतील आणि म्हणतील, सुमन.

ह्यांनी डोळे उघडले, वाटी उचलली, आणि समोर पाहिलं.

"हा कोन?"

"आपला मारुती, मध्या," नाना म्हणाले.

"नाई. आपला एवढा हाये." हातभर वाटी वर नेली, तेल मनगटावर सांडलं. "हात उगारलेला हाये त्याचा. ह्याले काऊन आठवन देता? ह्या गरिबानं काय केलं त्यातलं?"

नानांनी समजावलं. कवच, नदी, सगळं. हे ऐकून घेत होते, पण ऐकत नव्हते. शेवटी वाटी तशीच धरून बाहेर आले, माझ्या शेजारून, माझ्याकडे न पाहता, आणि पारावर बसले. वाटी मांडीवर. "आमच्या मारुतीले कोठी नेलं कोनास ठाऊक," असं स्वतःशीच म्हणत होते. मी खाली बसून मनगटावरचं तेल पदराने पुसलं. ते मुकाट्याने पुसू देत होते.

मग नाना देवळातून बाहेर आले. ह्यांच्या समोर उभे राहिले. मारुतीसमोर राहतात तसेच, पाय जुळवून, हात जोडून. मी समजले आणि त्यांना थांबवावंसं वाटलं. थांबवलं नाही. मलाही हवंच होतं ते.

"मधुकर, तू आयक," नाना त्याच लयीत म्हणाले. "तू गंगूबाईचा लेक. माह्या पाठचा भाऊ. तू सात वर्साचा असतानी बैलाच्या पायाखालून मले वढून काहाडलं. तू जानेफळले पायी शाळेत गेला, पुरात बी गेला. तू मॅट्रिक झाला तवा गावात साखर वाटली. तू पुन्याले नोकरी केली. बाप आजारी पडला तं तुनं त्याले पाठीवर घेऊन फाट्यालोक नेलं. तुनं सुमनबाईशी लगन केलं. त्या इथंच बसल्या हायेत, पाह्य." माझ्याकडे न बघता नाना पुढे म्हणाले, "तुमची पह्यली पोरगी गेली, तवा तू एकटा इथं आला. तीन दिवस ह्या पारावर बसून राह्यला, जेवला नाई. जातानी म्हनला, हिले सांगू नोका, हिले वाटीन मी खचलो."

आमची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. त्यानंतर आठवड्यातच हे कामाच्या दौऱ्यावर निघून गेले होते, असं मला माहीत होतं. ते मी कधी माफ केलं नाही. बोलले नाही, पण माफही केलं नाही. भांडणाच्या प्रत्येक वेळी मनातून तो दौरा काढून पुढे ठेवायची. चव्वेचाळीस वर्षं.

मी ह्यांचा हात धरला. तेलकट हात होता. "अहो," म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" माझ्या पुण्याच्या भाषेत. त्यांना ती कळली असेल नसेल.

"हे तुनं केलं," नाना म्हणत होते. "दुसऱ्या कोनी नाई केलं. तू इसरला असशीन तं आमी हाओत."

हे शेवटपर्यंत मन लावून ऐकत होते. कीर्तन ऐकावं तसं, मान हलवत. नाना थांबल्यावर ह्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि हात जोडले.

"भला मानूस होता हो," हे म्हणाले. "कवा गेला?"

नाना तोंड फिरवून देवळाकडे पाहत राहिले. हे उत्तरासाठी थांबले होते, माझ्याकडे बघत, अगदी आपुलकीने.

"चार वर्षं होतील आता," मी म्हणाले.

"वाईट झालं." मग त्यांनी विचारलं, "अन् बाईल? त्याची बाईल हाये का?"

"आहे," मी म्हणाले.